व्हिओलेतापासून पन्नास मीटर पूर्वेला

सान हेरोनिमोत पत्ता सांगताना खूण जागेवर असायलाच हवी, अशी अट कुणी कधी घातलेली नाही. रस्त्यांना नावं आहेत म्हणतात. नगरपालिकेच्या नकाशावर ती असतीलही, पण ती वाचायला कुणी गेलेलं नाही. माणसं सांगतात, "जिथं सिनेमाचं थिएटर होतं तिथून दोनशे मीटर दक्षिणेला या, हिरवं फाटक दिसेल, कुत्रं भुंकतं पण चावत नाही." थिएटर पाडून तिथं टायरचं दुकान झालं, टायरचं दुकान जाऊन बँक आली, तरी पत्ता थिएटरपासूनच. बँक समोर ढळढळीत उभी असते आणि तिच्याकडे बघत बघत माणूस थिएटर सांगतो. शंभर मीटर म्हणजे एक चौक ते दुसरा चौक. मग तो मोजून साठ भरो, नाहीतर एकशेसाठ. नवा पोस्टमन आला की त्याची पहिली काही महिने फार ओढाताण होते, कारण पत्रं वाटायच्या आधी बिचाऱ्याला आपण कधीच न पाहिलेल्या गोष्टी आठवायला शिकावं लागतं.

अशा गावात वाढलेली हान्निया ब्रेनेस आधी पत्रकार झाली, मग कादंबरीकार झाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पॉडकास्टवाली झाली. तिन्ही धंदे तसे शब्दांचेच. पण बातमीत खरं लिहायचं, कादंबरीत खोटं लिहायचं आणि पॉडकास्टमध्ये पुन्हा खरं बोलायचं, अशी तिनं आपली वाटणी करून घेतली होती. ही वाटणी एका कोपऱ्यावर येऊन फिसकटली. तो कोपरा शाळेच्या खालच्या अंगाला आहे.

राजधानीतल्या दैनिकात हान्नियाकडे आगी, अपघात आणि पूर असा विभाग होता. तिथले संपादक स्पेनहून आलेले. इमारतींना नंबर असतात अशा देशात त्यांचं बालपण गेलेलं. हान्नियाची पहिली बातमी वाचून त्यांनी तिला बोलावलं.

"साबणाच्या कारखान्याला आग लागली, हे समजलं. ही साखरेची गिरणी कुठून आली मध्येच? तीही जळली?"

"ती फार पूर्वी जळली, साहेब."

"मग ती बातमीत कशाला?"

"तिच्याशिवाय कारखाना कुठं आहे ते लोकांना कसं कळणार?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं वीसेक वर्षं ते हान्नियाच्या बातम्या चष्मा काढूनच वाचत, असं कचेरीत गमतीनं म्हणायचे. पण एक गोष्ट तेही मान्य करायचे, की ही मुलगी ऐकीव लिहीत नाही. पुलावरून बस कोसळली असं कळलं तर ती पूल बघून येई, बस बघून येई आणि दोघांची खात्री पटल्यावरच कोसळण्याला हात घाली. इतक्या वर्षांत तिच्या बातमीबद्दल दैनिकाला एकदाही दिलगिरी छापावी लागली नाही. हान्नियाला या गोष्टीचा इतका अभिमान होता, की चार माणसांत ती त्याबद्दल मुद्दाम बोलत नसे. दुसऱ्या कुणीतरी तो विषय काढेपर्यंत ती नुसती वाट बघत बसे.

मग लोक बातम्या फोनवर वाचू लागले. कचेरीत केक आला, मालकांनी भाषण केलं, हान्नियासारखी माणसं म्हणजे आमच्या दैनिकाचा पाया असं ते म्हणाले, आणि महिनाअखेरीला त्यांनी पाया काढून टाकला.

हान्निया गावी परतली, धाकट्या बहिणीकडे. योर्लेनी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. दिवसभर लोक तिच्यासमोर तोंड उघडून गप्प बसलेले असतात, त्यामुळे घरी आल्यावर समोरच्यानं तोंड मिटून गप्प बसावं अशी तिची अपेक्षा असते. ती काही पुरी झाली नाही. वीस वर्षं खरं लिहून हान्नियाचं तोंड कोरडं पडलं होतं. तिला आता मनसोक्त खोटं बोलायचं होतं. तिनं कादंबरी लिहिली.

कादंबरी सान हेरोनिमोचीच. चर्च खरं, बाग खरी, बसथांबा खरा, ज्वालामुखीवरून उतरणारं धुकंसुद्धा खरं. फक्त शाळेखालच्या त्या कोपऱ्यावर, जिथं एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भिंत, तिसऱ्या बाजूला चायोते या फळभाजीच्या वेलानं गिळलेला रिकामा प्लॉट आणि चौथ्या बाजूला पुन्हा भिंत आहे, तिथं हान्नियानं एक जुन्या पद्धतीचं औषधाचं दुकान उभं केलं. नाव ठेवलं 'व्हिओलेता'. दारावर जांभळी काच, आत चिनी मातीच्या बरण्या, गल्ल्यावर ओदिली नावाची मालकीण. निम्म्या गावाला ती गुळाचं पाणी रंगवून देते आणि निम्मं गाव त्यानं बरं होतं.

राजधानीतल्या एका समीक्षकानं लिहिलं, की लेखिकेला पाऊस आवरत नाही. गावात मात्र पुस्तक धडाधड खपलं. प्रत्येकानं आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला घेतलं, शेजाऱ्याबद्दल लिहिलेलं सापडलं, आणि समाधानानं मिटून ठेवलं. शेवटपर्यंत वाचणारा एकच, टॅक्सीवाला विल्बेर्त. त्याच्या टॅक्सीला गिऱ्हाईक कमी असतं.

कादंबरी येऊन वर्ष झालं असेल. हान्निया विल्बेर्तच्या टॅक्सीत बसली होती. वायरलेसवर टॅक्सी-कचेरीतल्या बाई बोलत होत्या, आणि विल्बेर्त हातात मुठीएवढा माइक धरून म्हणाला, "मी व्हिओलेताच्या कोपऱ्यावर आहे, दोन मिनिटांत पोचतो."

"कुठल्या कोपऱ्यावर?" हान्नियानं विचारलं.

"तुमच्याच की, ताई," विल्बेर्त म्हणाला आणि वळला.

तिला गुदगुल्या झाल्या. लेखकाला याहून मोठा मान कुठला? तिनं त्याला दुरुस्त केलं नाही. आठवड्याभरानं पिझ्झावाला फोनवर म्हणाला, "व्हिओलेतापासून किती, मावशी?" तिनं निमूटपणे सांगितलं, पन्नास मीटर पूर्वेला. मग चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. सोनेरी अक्षरं, कडेला कबुतरं आणि खाली: स्वागत समारंभ, जुन्या व्हिओलेता औषधालयापासून शंभर मीटर उत्तरेला. 'जुन्या' हा शब्द हान्नियानं दोनदा वाचला आणि पत्रिका योर्लेनीपुढं ठेवली. तिनं जे बांधलं होतं ते लोकांनी आता पाडूनही टाकलं होतं.

"सांगून टाक," योर्लेनी म्हणाली.

"लग्नपत्रिकेला उत्तर म्हणून?"

"मग कधी सांगणार? बाळ झाल्यावर?"

पण सांगायचं कसं? सान हेरोनिमोच्या माणसाला सगळं येतं, नकार देता येत नाही. समोरच्याचं मन मोडणं हा तिथं चोरीहून मोठा गुन्हा. परगावच्या माणसानं रस्ता विचारला आणि आपल्याला ठाऊक नसला, तरी 'ठाऊक नाही' असं म्हणून त्याला दुखवत नाहीत. आपुलकीनं, हातवारे करून, कुठंतरी पाठवून देतात. जेवायला येतो म्हणतात आणि येत नाहीत, आणि न आल्याबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण यजमानानंही मनापासून बोलावलेलं नसतं. हान्निया याच मातीतली. लग्नाला गेली, केक खाल्ला, आणि पत्ता सापडायला सोपा होता असंही म्हणाली.

पॉडकास्टची कल्पना योर्लेनीची. ती इंटरनेटवर बघून बघून आवाज कापायला, जोडायला शिकली. आईचं जुनं लाकडी कपाट त्यांनी स्टुडिओ केलं. हान्निया आत, कोटांच्या मध्ये स्टुलावर. योर्लेनी बाहेर, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"ताई, श्वास कमी घे."

"मग बोलू कशानं?"

"नाकानं घे. आणि कोटाला हात लावू नकोस, वादळ आल्यासारखं ऐकू येतं."

कार्यक्रमाचं नाव 'होतं तिथून'. प्रत्येक भागात एक नाहीशी झालेली खूण. ज्या थिएटरपासून पत्ते सांगतात त्यात शेवटचा सिनेमा कुठला लागला. ज्या वडापासून सांगतात तो कुणी तोडला, त्याखाली बसणारा न्हावी कुठं गेला. हान्नियातला पत्रकार अंग झटकून उठला. तिनं एकेका खुणेसाठी चार-चार म्हाताऱ्यांना गाठलं, एकाचं दुसऱ्याशी जुळवून बघितलं. आपण कादंबरीही लिहितो म्हणून लोकांना शंका नको, तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी ती सांगायची, "यातलं काहीही मी रचलेलं नाही."

कार्यक्रम चालला. न्यू जर्सीत भांडी घासणारी, बागा कापणारी सान हेरोनिमोची पोरं कानात घालून ऐकायची आणि रडून संदेश पाठवायची. राजधानीतले लोकही ऐकू लागले. एका प्राध्यापकानं लिहिलं, की या बाईंचा शब्द म्हणजे पुरावा. हान्नियानं तो संदेश योर्लेनीला सहज म्हणून दाखवला. चार वेळा.

मग एका नोव्हेंबरात ग्रामविकास समितीच्या अध्यक्ष सेनेइदा बाई घरी आल्या. सेनेइदा बाईंनी ठरवलेली गोष्ट गावात झाल्याशिवाय राहत नाही. फुटपाथ त्यांनी करून घेतला, बसथांब्याचं छप्पर त्यांनी घालून घेतलं, आणि मागच्या पाद्रींची बदलीही त्यांनीच करून घेतली असं लोक म्हणतात.

"हान्निया, समितीनं ठराव केलाय. डिसेंबरातल्या तमालच्या जेवणाला, शाळेखालच्या कोपऱ्यावर संगमरवरी पाटी लावायची. व्हिओलेताची. आणि तुमच्या कार्यक्रमाचा भाग तिथंच, सभागृहात, सगळ्यांसमोर करायचा. न्यू जर्सीवाले पण ऐकतील. काय म्हणता?"

हान्नियाच्या तोंडात 'नाही' आलं होतं. ते दातांपर्यंत पोचलंसुद्धा. पण सेनेइदा बाईंचा चेहरा इतका उजळलेला होता, की ते तिथूनच परत फिरलं.

"वा! छानच!" ती म्हणाली.

बाई गेल्यावर योर्लेनी स्वयंपाकघरातून आली. "वा छानच? अगं, आता संगमरवरात कोरणार ते!"

"मला ऐकू आलं."

"आणि शेवटी काय म्हणशील? यातलं काहीही मी रचलेलं नाही?"

हान्नियाला त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यात तिच्याकडे मोठं घर झालं नव्हतं, नवरा टिकला नव्हता, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नव्हती. एक शब्द तेवढा राहिला होता, लोक ज्यावर विसंबतात असा. पाटी लागली आणि ती गप्प राहिली तर तो गेला. तिनं सांगितलं तर गाव जगापुढं हसं होणार आणि लोक म्हणणार, मग थिएटर तरी होतं का? वड तरी होता का?

दोन दिवसांनी तिला मार्ग सुचला, आणि तो इतका सभ्य होता की ती स्वतःवरच खूश झाली. आपण सांगायचंच नाही. फेर्मीन काकांकडून वदवून घ्यायचं. फेर्मीन काका चौऱ्याऐंशीचे, जन्म त्या कोपऱ्याला लागूनच्या घरातला, आयुष्यभर बटाट्याचा ट्रक चालवला. गावातली एक वीट इकडची तिकडे झालेली त्यांना ठाऊक. त्यांना माइकसमोर विचारायचं. ते म्हणतील, छे बाई, तिथं काही नव्हतं. झालं! वयाचा मान राहिला, सत्य बाहेर आलं आणि कुणाचं मन मोडलं नाही.

काकांनी दोघी बहिणींना गुळाचं गरम पाणी दिलं, बरोबर चीज. योर्लेनीनं माइक त्यांच्या स्वेटरला लावला. हान्निया पुढं झुकली.

"काका, तुमच्या कोपऱ्यावर व्हिओलेता नावाचं औषधाचं दुकान होतं म्हणतात. तुम्हाला आठवतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. माइककडे पाहिलं. योर्लेनीकडे पाहिलं. पेल्यातलं पाणी थोडं हलवलं.

"तर!" ते म्हणाले. "न आठवायला काय झालं?"

हान्नियाचा चेहरा पडला. काकांना वाटलं, उत्तर तोकडं झालं. त्यांनी भर घातली. "जांभळी काच होती दाराला. सकाळी ऊन पडलं की माझा ट्रक जांभळा दिसायचा. आणि ती बाई... कोण ती... ओदिली. सोन्याचा दात होता तिला."

सोन्याचा दात कादंबरीत नव्हता.

"काका, नक्की?"

"अगं, माझी खोकल्याची बाटली तिथलीच. माझी बायको मला तिथंच पहिल्यांदा भेटली! आयोडीन घ्यायला आली होती."

काकांचा निरोप घेऊन दोघी घरी निघाल्या. वाटेत योर्लेनी म्हणाली, "ताई, होतं की काय गं खरंच?"

"मी बांधलंय ते. खालच्या खोलीत, झोपायच्या कपड्यांत."

"पण सोन्याचा दात?"

म्हणजे प्रकरण आता भलत्याच ठिकाणी गेलं होतं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, असं हान्नियाला वाटलं. म्हातारपणी पुस्तकातलं आणि आयुष्यातलं एकात एक मिसळलं असणार, आणि त्यात बिचाऱ्यानं स्वर्गवासी बायकोची पहिली भेटसुद्धा त्या दुकानात नेऊन ठेवली. आता खरं सांगायचं म्हणजे भर सभागृहात चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला खोटा ठरवायचं, वर त्याचं प्रेमही भिंत, भिंत आणि चायोतेच्या वेलात उघड्यावर टाकायचं.

डिसेंबरात वारा सुटला. गावभर केळीची पानं शेकल्याचा वास पसरला. प्रत्येक घरात मक्याचं पीठ मळलं जात होतं आणि केळीच्या पानात त्याचे तमाल बांधले जात होते. हान्निया भाषण लिहीत होती आणि फाडत होती.

"आजारी पड," योर्लेनीनं सुचवलं. "दाढ दुखते म्हण. मी कागद आणून देते डॉक्टरांचा."

"खोट्यातून सुटायला आणखी खोटं?"

"कादंबरीकार आहेस ना?"

"त्याचंच तर भोगतेय."

जेवणाचा रविवार उजाडला. सकाळची प्रार्थना संपवून लोक थेट सभागृहात आले. पत्र्याचं छप्पर वाऱ्यानं वाजत होतं. मांडवात मोठ्या पातेल्यात तमाल उकळत होते, दोन-दोन एकत्र बांधलेले. पाटी मंचावर टेबलावर ठेवली होती, तिच्यावर सेनेइदा बाईंचा क्रोशाचा टेबलक्लॉथ. पहिल्या रांगेत फेर्मीन काका कोट घालून बसले होते. त्यांच्या शेजारी विल्बेर्त, त्यानं त्या दिवसापुरती टॅक्सी बंद ठेवली होती, म्हणजे नेहमीसारखीच. योर्लेनी यंत्रापाशी बसली. तिनं बोट वर केलं, म्हणजे सुरू.

हान्निया माइकपुढं उभी राहिली. काकांकडे बघितलं. काका हसले, हात हलवला. तिला वाटलं, आपण खाली उतरून पळत सुटावं. थिएटरपर्यंत.

"मंडळी," ती म्हणाली, "मी तुमची माफी मागते. फेर्मीन काकांची सगळ्यात आधी. व्हिओलेता कधीच नव्हती. ते दुकान मी कादंबरीसाठी रचलं. त्या कोपऱ्यावर काहीही नव्हतं. मला वेळच्या वेळी सांगायला हवं होतं, पण तुम्ही सगळे इतक्या प्रेमानं तिथून पत्ते सांगत होता, की माझ्या तोंडून निघेना. ही पाटी लावू नका. माझ्या कार्यक्रमात मी खोटं कधी बोलले नाही, आणि आज बोलणार नाही."

पत्रा तेवढा वाजत होता. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, जसं घरातलं गुपित पोरानं पाहुण्यांपुढं बोलून टाकल्यावर मोठी माणसं बघतात तसं. आणि फेर्मीन काकांनी गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू स्वतःला उभं केलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" ते म्हणाले.

"काय?"

"की नव्हतं म्हणून!"

"मीच तर रचलंय, काका."

"अगं पोरी!" काकांनी कपाळावर हात मारला. "मग माझ्या घरी कशाला आलीस माइक घेऊन? डोळ्यांत प्राण आणून विचारतेस, व्हिओलेता आठवते का? मला वाटलं, लिहून लिहून हिचं डोकं फिरलंय, हिला ते खरंच वाटायला लागलंय. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणू? मी आपलं ठोकून दिलं."

"पण तुमची बायको? आयोडीन?"

"बायको मला बसमध्ये भेटली. माझ्या पायावर पाय दिला तिनं. आज असती तर या आयोडीनपायी मला घरात घेतलं नसतं."

"आणि सोन्याचा दात?" योर्लेनी यंत्रामागून ओरडली.

"तो मला आवडला म्हणून घातला," काका म्हणाले.

पहिल्यांदा हसलं कोण ते कळलं नाही, पण छपराचा आवाज ऐकू येईनासा झाला. विल्बेर्त उभा राहिला. "ताई, तुम्हाला काय वाटलं, आम्ही सगळे एकदम म्हातारे झालो? तो कोपरा म्हणजे माझ्या धंद्याचा काळ होता. सांगायचं काय? भिंतीपासून भिंतीकडे या? तुमच्या पुस्तकात दुकान दिसलं आणि मी देवाचे आभार मानले. पूर्वी खूण असायची, मग पडायची. या खुणेनं नुसती 'असायची' पायरी गाळली, एवढंच!"

हान्निया मंचाच्या पायरीवरच बसली. तिलाही हसू येत होतं. "मग पाटी?" तिनं विचारलं. "संगमरवरात कोरून..."

सेनेइदा बाईंनी टेबलक्लॉथ ओढला. पाटीवर कोरलं होतं: 'हान्निया ब्रेनेस यांच्या कादंबरीत या कोपऱ्यावर व्हिओलेता औषधालय होते. ग्रामस्थ त्याचे ऋणी आहेत.'

"दोन बैठका भांडलो आम्ही यावरून," बाई म्हणाल्या. "पाद्री म्हणत होते, 'कादंबरीत' शब्द घालू नका, हान्नियाच्या मनाला लागेल, ती ते खरं धरून चाललीय. मी म्हटलं, संगमरवरात खोटं लिहून मी देवापुढं जाणार नाही. पण मलाही झोप नव्हती. ही बाई पाटी बघून रडायला लागली तर काय करायचं, म्हणून मी पहिल्या रांगेत नर्सला बसवलंय."

नर्सनं बसल्या जागेवरून हात वर केला.

आता खरं म्हणजे सगळं आटोपायला हवं होतं. पण सभागृहात काहीतरी सैल झालं होतं. इतकी वर्षं एकमेकांचं मन राखणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा खऱ्याची चव घेतली, आणि ती त्यांना चढली.

"मग मीही सांगून टाकतो," विल्बेर्त म्हणाला, "सेनेइदा बाई, तुमचे तमाल दरवर्षी कोरडे होतात."

"तुझ्या टॅक्सीला ओल्या कुत्र्याचा वास येतो," बाई म्हणाल्या. "मी दर वेळी खिडकी उघडून थंड हवा आवडते म्हणते. मला थंड हवा मुळीच आवडत नाही. माझे सांधे धरलेत."

पाद्री उठून म्हणाले, की चर्चमध्ये दर रविवारी मोठ्यानं गाणारे जे गृहस्थ आहेत, त्यांचं नाव ते घेणार नाहीत. त्यावर तीन गृहस्थ एकदम दुखावले. मागच्या रांगेतून एका नवऱ्यानं बायकोला काहीतरी खरं सांगितलं, आणि त्या रांगेतल्या खुर्च्या थोड्या सरकल्या.

"ताई," योर्लेनीनं यंत्राजवळून हळूच हाक मारली. "मी तुझी कादंबरी अर्धीच वाचलीय. पाऊस फार होता गं."

"मला ठाऊक आहे," हान्निया म्हणाली. "पुस्तकातली तुझी खूण तिसऱ्या प्रकरणातच आहे अजून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं मन मोडलं असतं."

शेवटी सेनेइदा बाईंनी टाळी वाजवली. "पुरे झालं आता खरं! असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत गावात कुणी कुणाशी बोलणार नाही. पातेली उतरवा, जेवून घ्या."

हान्नियानं सकाळपासून, खरं तर नोव्हेंबरापासून नीट काही खाल्लं नव्हतं. तिनं दोरा तोडला, केळीचं पान उघडलं आणि उभ्यानंच खायला सुरुवात केली. छातीवरचं ओझं गेल्यावर माणसाला एवढी भूक लागते, हे तिनं कुठल्याच बातमीत लिहिलं नव्हतं. फेर्मीन काका शेजारी येऊन बसले आणि जांभळ्या काचेबद्दल आणखी काहीतरी सांगू लागले. ती म्हणाली, काका, राहू द्या आता. ते म्हणाले, अगं, ऐक तर, चांगलं आहे. ती ऐकत राहिली.

सेनेइदा बाई कॉफीची किटली घेऊन रांगेतून आल्या आणि तिच्यापुढं थांबल्या. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे त्यांनी पाहिलं.

"खरं सांगा, हान्निया. कोरडे झालेत?"

हान्निया चावायची थांबली. बाईंचा चेहरा पुन्हा तसाच, उजळायच्या तयारीत होता.

"हो," ती म्हणाली. "थोडे."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिचा कप काठोकाठ भरला.

"बुडवून खा मग," त्या म्हणाल्या, "आणि दुसरी जोडी घ्या."